पिवळ्या ड्रेसचं पायपुसणं

"वहिनी, हा लेकीचा पिवळा ड्रेस ना?"

मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. आवाज दारातून आला आणि माझे हात परातीतच थांबले. वरच्या मजल्यावरचे काका रोजच्यासारखे संध्याकाळी सात वाजता आमच्याकडचा पेपर न्यायला आले होते, आणि आमच्या उंबऱ्याच्या आतल्या नव्या पायपुसण्यावर पाय पुसत आईला विचारत होते.

"अय्या, ओळखलात की!" आई म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला होता. "मीच शिवलंय. आत जुनी चादर घातलीय चार पदरी, वरून उभ्या-आडव्या शिलाया मारल्यात. बघा ना, जराही सरकत नाही."

"मऊ आहे छान," काका म्हणाले.

मग कापडावर तळवे घासल्याचा आवाज आला. खस्, खस्. जरा थांबून परत खस्. पाय पुसून झाल्यावरही तो आवाज चालूच होता. मी कणकेकडे बघत राहिले. बोटांच्या बेचक्यांत ओलं पीठ चिकटलं होतं आणि एकाएकी त्याची मला इतकी किळस आली की मी नळ सोडून हात कोपरापर्यंत धुतले. त्या दिवशी पोळ्या आईने केल्या. मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

तो ड्रेस मी का टाकला होता हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

हळदीसारख्या पिवळ्या रंगाचं सुती कापड, गळ्याला हिरवी पायपिंग आणि छातीवर चार बटणांची पट्टी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला जुन्या पनवेलच्या टेलरकडून शिवून घेतलेला. अंगावर नीट बसलेला तो माझा पहिला ड्रेस. तोपर्यंत आई सगळं 'वाढत्या अंगाचं' शिवायची, मी वाढायची थांबून चार वर्षं झाली होती तरी. तो घालून मी एकदा क्लासला निघाले होते. तेव्हा नवीन पनवेलमधल्या एका क्लासमध्ये मी नुकतीच पाचवी-सहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवायला लागले होते. काका जिन्यात समोरून आले आणि वळणावर अगदी मधोमध उभे राहिले.

"पिवळा रंग तुला फार शोभतो," ते म्हणाले. "अंगावर बसलायही अगदी."

या वाक्यात चूक काढता येत नाही. कुणासमोरही ते परत म्हणून दाखवता येईल, आणि ऐकणारा म्हणेल, मग? पण ते म्हणताना त्यांची नजर बटणांच्या पट्टीवरून एकेक बटण करत खाली उतरली होती, आणि ते वाटेतून हलत नव्हते. आमच्या जिन्याच्या त्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्यांचे थर होते, जुन्यावर नवे. एरवी मी तिथे ओढणीचं टोकसुद्धा लागू देत नसे. त्या दिवशी मी त्या भिंतीला पाठ घासत, तिरकी होऊन त्यांच्या बाजूने निघाले. मागून ते म्हणाले, "हळू गं."

पाठीवरचा डाग दोन धुण्यांत गेला. ड्रेस मात्र मी पुन्हा घातला नाही.

आईला म्हणाले, घट्ट होतोय. "होणारच," आई म्हणाली. "क्लासमधून येता येता वडापाव खाल्ल्यावर काय होणार?" आणि तिने तो दिवाणाच्या खणातल्या जुन्या कपड्यांच्या बोचक्यात ठेवला. विषय संपला असं मला वाटलं. आईला मी तोवर बावीस वर्षं ओळखत होते, तरी मला असं वाटलं.

आमच्या घरात कपडा मरत नसे, त्याची बदली होत असे. बाहेर घालायचा कपडा जुना झाला की घरात, घरातला विटला की रात्री झोपताना. मग त्याची उशीची खोळ व्हायची, मग पुसायचं फडकं, मग पायपुसणं, आणि सगळ्यात शेवटी बाथरूममधलं पोतेरं. बाबांच्या बनियनने ओटा पुसला जायचा. आईच्या परकराचं पायपुसणं झालं तेव्हा त्याचा नाडीचा भाग आत घ्यायला ती विसरली होती, आणि माझ्या शाळेतली एक मैत्रीण आली असताना तिच्या पायाच्या बोटात ती नाडी अडकली होती. मैत्रिणीने खाली वाकून ती चिमटीत धरून सोडवली. तिच्या घरी दारात लाल रंगाचा जाड गालिचा होता. तिने चिमटी नंतर हळूच जीन्सला पुसली, ते मी पाहिलं. मला आईची लाज वाटली, मग त्या लाजेची लाज वाटली, आणि मी दोघींशीही दिवसभर धड बोलले नाही.

पण एक गोष्ट होती. या बदल्या होत होत कपडा जमिनीवर यायचा तेव्हा त्याला रंग उरलेला नसायचा. कुणाचा होता, कसला होता, ते ओळखू यायचं नाही. पिवळा ड्रेस मात्र मधल्या सगळ्या पायऱ्या गाळून थेट खाली आला. कारण बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस होते. दिवसभर ते गजांच्या आणि पत्र्यांच्या मधून फिरायचे आणि बुटांच्या तळाला लोखंडाचा काळा-तांबडा कीस घेऊन घरी यायचे. तो बारीक धारदार कीस आमची पायपुसणी तीन-तीन महिन्यांत खाऊन टाकायचा. आईला घाईने नवं हवं होतं आणि बोचक्यात सगळ्यात वर जे होतं ते तिने घेतलं.

तिने बटणं काढून बटणांच्या डब्यात ठेवली होती. काजांची पट्टी तशीच होती. गळा शिवून बंद केला होता. पुढची बाजू वर.

दुसऱ्या दिवशी मी ते धुवायला टाकलं. आईने वाळवून परत घातलं. तिसऱ्या दिवशी मी त्याच्यावर चहा सांडला. आईने माझ्याकडून ते घासून घेतलं, आणि वाळल्यावर परत घातलं. सातला खस्, खस्.

आईला सांगून टाकायचं, एवढंच तर करायचं होतं. मी कितीदा तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ती म्हणायची, "काय गं? भूक लागली?" आमच्या शाळेत अशा प्रसंगांसाठी इंग्रजी शब्द होते. एक बाई वर्गावर येऊन फळ्यावर ते लिहून गेल्या होत्या, आम्ही ते वहीत उतरवून घेतले होते. पण ते शब्द आमच्या स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवता येण्यासारखे नव्हते. मराठीत जे शब्द होते ते मी फक्त नळावरच्या भांडणांत ऐकले होते. आणि काय सांगणार? त्यांनी माझ्या ड्रेसचं कौतुक केलं? ते पाय पुसतात?

शिवाय काकांचे आमच्यावर उपकार होते. ते सोसायटीच्या कमिटीत होते. पंप जळला तेव्हा त्यांनी टँकर आणवला होता आणि पहिली बादली आमची भरू दिली होती. बाबा त्यांना 'या साहेब' म्हणायचे. स्वतःचा पेपर ते कधी विकत घेत नसत. आमचा शिळा होऊन त्यांच्याकडे जायचा, आणि तरी बाबांना वाटायचं की तो नेऊन ते आपला मान ठेवतात.

म्हणून मी लांबच्या वाटेने गेले.

"आई, आपण एक चांगलं पायपुसणं विकत आणू या."

"विकत?" आई शेंगा सोलत होती. "पायपुसणं कुणी विकत आणतं का? उद्या म्हणशील पोतेरं विकत आणू."

"कापडात बाबांच्या बुटांचा कीस अडकून बसतो. काथ्याचं आणलं तर खाली पडतो, झटकलं की साफ. वर्षानुवर्षं टिकतं."

"एवढी इंग्रजी शाळेची फी भरली ती काथ्या शिकायला?"

"मी माझ्या पगारातून आणते."

यावर ती पुन्हा शेंगा सोलू लागली. माझा पगार अजून दोनच महिन्यांचा होता आणि त्यावर चिडवावं की त्याचा आदर करावा, हे तिचं ठरलं नव्हतं.

रविवारी आम्ही जुन्या पनवेलला गेलो. उरण नाक्याच्या अलीकडे चटया, बादल्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांचं दुकान होतं. त्याच्या पायरीवर पायपुसण्यांचे ढीग. दुकानात कोंदट वास होता, रबराचा आणि उंदरांचा. आई पायरीवर बसली आणि एकेक पायपुसणं अशा रीतीने बघायला लागली की दुकानदाराने वेळ लागणार हे लगेच ओळखलं आणि पंख्याचं तोंड स्वतःकडे वळवून घेतलं.

पहिलं लाल, लोकरीसारखं, माझ्या मैत्रिणीच्या घरचं होतं त्या जातीचं. हात फिरवला तर त्यात कुणाचा तरी लांब केस. मी हात मागे घेतला. आई म्हणाली, "हे धूळ धरेल, सोडणार नाही." दुसरं हिरव्या प्लास्टिकच्या गवताचं. ते आईला आवडलं, पण तिने दोन पाती ओढली आणि दोन्ही हातात आली. मग दुकानदाराने चिंध्यांचं विणलेलं पुढे केलं.

"हे न्या मावशी. स्वस्त आणि मस्त. मशीनमध्ये टाका, हातानं धुवा, काही होत नाही."

रंगीबेरंगी पट्ट्या होत्या. एका पट्टीवर ब्लाउजच्या हुकाची शिलाई तशीच होती. दुसरीवर बारीक फुलं, लहान मुलीच्या फ्रॉकला असतात तसली. आई त्यावरून हात फिरवून म्हणाली, "असं तर मी घरीच करते." मी म्हणाले, "हे नको." इतक्या जोरात म्हणाले की दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

काथ्याची होती, पण सगळ्यांवर मोठ्या काळ्या अक्षरांत 'वेलकम'.

"काही न लिहिलेलं आहे का?" मी विचारलं.

"बिनलिहिलेलं कोण घेतं ताई? पाव्हण्याला बरं वाटतं."

"मला बिनलिहिलेलंच हवंय."

"अगं, चांगलं दिसतंय की ते," आई म्हणाली. "तुला तर इंग्रजी आवडतं."

त्याने कुरकुरत आतून एक काढलं. दोन वर्षं तरी पडून असावं, त्यावर कोळ्याच्या जाळ्याचा पांढरा पडदा होता. जाड, तपकिरी, खाली रबराचा थर. त्याने ते पायरीच्या कडेवर दोनदा आपटलं, धुळीचा लोट उठला, आणि तो म्हणाला, "वरून गाडी घाला. पाच वर्षं हलणार नाही." आईने कडा वाकवून पाहिली, वास घेतला, नखाने चार धागे उपसायचा प्रयत्न केला. निघाले नाहीत. मग तिने जुन्या मालाला नव्याचा भाव का, यावर त्याला असं धरलं की शेवटी त्याने हात जोडले आणि दीडशेचं शंभरला दिलं. रिक्षात ते माझ्या मांडीवर होतं. सलवारीतून काथ्या टोचत होता. मला तो फार आवडला. याच्यावर कुणी अनवाणी पाय घोळवत उभं राहणार नाही, असं माझ्या मनात आलं.

घरी आल्या आल्या मी ते दाराबाहेर अंथरलं आणि पिवळं उचलून थेट कचऱ्याच्या डब्याकडे निघाले.

"थांब, थांब! कुठे चाललीस?" आईने ते माझ्या हातातून घेतलं. "चांगलं धडधाकट आहे." तिने ते झटकलं, उंबऱ्याच्या आत होतं तिथेच पुन्हा घातलं आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. "बाहेर खरखरीत, आत मऊ. बाहेर कीस पडेल, आत ओल पुसली जाईल. आता कसं हॉटेलसारखं वाटतं."

बाबा म्हणाले, "वा!"

सातला काका आले. चपला बाहेर काढल्या. काथ्यावर उभे राहिले. "अरे वा, नवीन! पण टोचतंय हो वहिनी." मग आत येऊन त्यांनी दोन्ही अनवाणी पाय पिवळ्यावर ठेवले. "आपलं हेच बरं."

आधी मी नेहमी आतून ऐकत असे. त्या दिवशी पाहिलं. भेगाळलेल्या टाचा, भेगांत काळं. अंगठ्याचं नख पिवळं, जाड, एका बाजूने वर आलेलं. त्या अंगठ्याने ते गळ्याची हिरवी पायपिंग उचलत होते आणि सोडत होते, उचलत होते आणि सोडत होते. टाच काजांच्या पट्टीवर होती. चेहरा बाबांकडे, बोलणं पाण्याच्या बिलाबद्दल. मी आत जाऊन बेसिनवर तोंड धुतलं.

दोन दिवसांनी सकाळी मी काथ्याचं पायपुसणं जिन्याच्या कठड्यावर झटकत होते. समोरच्या काकू दारात बादली भरून ठेवत होत्या. मूळच्या इथल्याच. त्यांच्या सासऱ्यांची शेती होती त्या जमिनीवर आता आमच्यासारख्यांच्या इमारती होत्या. त्यांच्या दारात पायपुसणं नसायचं, ही बादली आणि तांब्या असायचा.

"बाय," त्या म्हणाल्या, "तो वरचा मानूस रोज तुमच्या दारात एवढा वेल काय करतो गं? पाय पुसतो का पायाला मालिश करतो?"

मी झटकायची थांबले.

"आमी पायपुसना ठेवतच नाय. पाय धुवायचा नि मंगच आत यायचा. माज्या दारात आला होता एकदा, कमिटीचा कागद घेऊन. नजर बघितली नि बोलले, भाऊ, तितंच उभं रा. कागद तितनंच दे. परत नाय आला."

"तुम्ही असंच म्हणालात? तोंडावर?"

"मंग काय चिठ्ठी लिवायची?" त्यांनी तांब्या बादलीत सोडला. "तुजी आय भोली हाय. तिला नाय दिसत. तुला दिसतंय. मी बघितलंय तुला बघताना."

एवढं बोलून त्या आत गेल्या. माझ्या हातावर लोखंडाचा कीस उडाला होता, तो पुसायचंही मला सुचलं नाही. कुणाला तरी दिसत होतं. म्हणजे मी वाकडा अर्थ काढत नव्हते. आणि कुणाला तरी दिसत होतं, म्हणजे मी इतके दिवस जे करत होते तेही दिसत होतं. चहा सांडणं, पोटदुखी, शंभर रुपयांचा काथ्या. त्या माणसाची किळस होतीच, पण त्या सकाळी पहिल्यांदा माझ्या गप्प बसण्याचीही मला तशीच किळस आली.

त्या संध्याकाळी बाबा लवकर आले होते. बूट काथ्यावर घासून, काढून, दिवाणावर मांडी घालून बसले होते. आई आत भजी तळत होती. पेपर टीव्हीवर होता, आणि काका आले की तो त्यांच्या हातात द्यायचं काम त्या दिवशी माझ्याकडे आलं होतं.

बेल वाजली. मी दार उघडलं.

ते काथ्यावर थांबलेच नाहीत. लांब ढांग टाकून त्यांनी तो ओलांडला आणि थेट पिवळ्यावर उभे राहिले. चपला कधी काढल्या कळलंही नाही. मी पेपर हातात घेऊन समोर होते. हात पुढे केला नव्हता.

"या साहेब, बसा," बाबा म्हणाले.

"नको, नको, पेपर घेतो नि निघतो." अंगठा हिरव्या पायपिंगखाली गेला. "रंग काही गेला नाही हं अजून. एवढा धुतलात, तरी तसाच." ते बाबांना सांगत होते. "तिला शोभायचाच पण."

बाबा हसले. "हो ना," म्हणाले. ते कशालाच हसले नव्हते. ते घरी आलेल्या माणसाला हसले होते, आयुष्यभर कळंबोलीत शेटजींच्या वाक्यांना हसायचे तसे. ते हसू ऐकलं आणि कळलं की आता इथून कुणीही काही बोलणार नाही, भजी होतील, आई बशी घेऊन येईल, काका एक उचलतील, आणि मी पेपर देईन.

"दे बेटा," काका म्हणाले आणि हात पुढे केला.

मी पेपर छातीशी धरला. गेले कित्येक दिवस एक इंग्रजी वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं, 'एक्स्क्यूज मी'ने सुरू होणारं, सभ्य आणि पूर्ण. ते आलं नाही. जो आवाज निघाला तो मला माझा वाटला नाही. तो समोरच्या दारापर्यंत गेला असावा, कारण बादलीत तांब्या पडल्याचा आवाज आला. आई झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. बाबा दिवाणावरून उठले.

"काका," मी म्हणाले, "माझ्या ड्रेसवरून पाय काढा."